कलम अठरा

यतीन हसबनीसनं आयुष्यात सरकारी कागदावर खोटं एकदाच लिहिलं, आणि पुढे ते खोटं राहू नये म्हणून दोन वर्षं प्रामाणिकपणे राबला. पहिल्या गोष्टीबद्दल माणसाला माफ करता येतं. घात केला तो दुसरीनं.

हा यतीन मूळचा कोथरूडचा, सध्या मुक्काम इंग्लंडातलं मिल्टन कीन्स. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची, आणि हे काम तो घरीही बिनपगारी करत असे. मुलगा वेद हेझलब्रूक प्रायमरी या सरकारी शाळेत दुसरीत होता आणि यतीन त्याच शाळेच्या गव्हर्निंग बोर्डावर पालकांचा प्रतिनिधी होता. आपण निवडून आलो असं तो सांगतो आणि ते खरंच आहे. उमेदवार एकच होता, त्याला तो तरी काय करणार. वर्षातून सहा संध्याकाळी पाच वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या खुर्च्यांवर बसून मोठ्या माणसांनी शाळेच्या भवितव्याचा विचार करायचा, असं त्या पदाचं स्वरूप. अशा खुर्चीवर गुडघे हनुवटीपाशी येतात आणि कुठलाही मुद्दा ठामपणे मांडता येत नाही. पुण्याला आईला फोनवर सांगताना मात्र यतीननं 'शाळेचा ट्रस्टी झालो' एवढंच सांगितलं होतं.

सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये हेडबाई मिस हार्ग्रीव्ह यांनी भिंतीवर एक आलेख दाखवला. तो वरून सुरू होऊन खाली आला होता आणि अजून थांबला नव्हता. या भागात मुलंच कमी जन्माला येताहेत, असं त्यांनी सांगितलं. रिसेप्शनच्या, म्हणजे शिशुवर्गाच्या, जागा साठ, मुलं आली त्रेचाळीस. सरकार डोक्यामागे पैसे देतं. डोकी कमी झाली की पैसे कमी, आणि पैसे कमी झाले की सगळ्यात आधी टीचिंग असिस्टंट जातात, कारण वर्गशिक्षक आणि छप्पर या दोन गोष्टी शाळेला काढता येत नाहीत. छपराबद्दल त्यांनाही फारशी खात्री दिसली नाही. मग दुसरा आलेख आला. ज्या मुलांच्या घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतात, त्यांच्यासाठी पहिली तीन वर्षं शाळेला थोडे जादा पैसे मिळतात. हेझलब्रूकमध्ये अशी मुलं कागदावर सहा. तेवढ्यांसाठी वेगळं माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून मिसेस टॅपली यांची जागा नाताळपासून बंद.

आता गावातल्या मराठी मंडळाच्या यंदाच्या गणपतीत 'हेझलब्रूकची मुलं इकडे या' असं पुकारल्यावर जी झुंबड उडाली होती, ती यतीननं स्वतः आवरली होती. बोर्डाच्या अध्यक्षांनी अगदी अदबीनं विचारलं, मिस्टर हसबनीस, आपला इथल्या भारतीय कुटुंबांशी संबंध आहे, हा आकडा इतका कमी का असावा? यतीनच्या तोंडात तेव्हा बिस्कीट होतं. ते त्यानं गरजेपेक्षा बराच जास्त वेळ चावलं आणि बघून सांगतो म्हणाला. बघण्यासारखं काही नव्हतं. ते कारण त्याला पाठ होतं, त्यानंच तर ते लिहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी वेदच्या प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना होता, मुलाची प्रथम भाषा कोणती. ऑफिसातल्या कुणीतरी यतीनला सांगितलं होतं की तिथे दुसरं काही लिहिलं की पोराला कच्च्या गटात बसवतात आणि मग ते वर येत नाही. शिवाय प्रश्न अब्रूचा होता. बारा वर्षं क्लायंटशी इंग्रजीत बोलणाऱ्या माणसाच्या घरी इंग्रजी नाही, हे एका शाळेच्या फॉर्मला का कळावं? यतीननं 'इंग्लिश' लिहिलं. वेदला तेव्हा जेमतेम अकरा इंग्रजी शब्द येत होते आणि त्यातले सात डायनोसॉरांची नावं होती.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण यतीनला मार्गदर्शन करण्याची खोड. नव्यानं येणाऱ्या कुटुंबांसाठी त्यानं 'मिल्टन कीन्स शाळाप्रवेश मार्गदर्शिका' नावाची एकोणीस पानी पीडीएफ तयार केली होती आणि तिची आवृत्ती ४.२ पर्यंत गेली होती. त्यातलं कलम सतरा : प्रथम भाषेच्या रकान्यात इंग्लिश लिहा, उगाच नडू नका. आणि कलम अठरा : यानंतर घरीही मुलाशी इंग्लिशच बोला, म्हणजे लिहिलेलं खोटं ठरणार नाही. सतरावं कलम सोयीचं आहे हे यतीनला मान्य होतं, पण अठराव्याचा त्याला अभिमान होता. त्यात नीतिमत्ता होती. हसबनीसांच्या घरातला माणूस एक वेळ खोटं लिहील, पण ते रेकॉर्डवर खोटं म्हणून राहू देणार नाही. त्याच दिवसापासून त्यानं वेदशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, आणि आसावरीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, चुकून 'हात धू' म्हटलं तर तो तिला डोळ्यांनी दटावत असे.

आणि मिसेस टॅपली कोण, तेही सांगायला हवं. वेद शाळेत गेला तेव्हा पहिले सहा आठवडे त्यानं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. कोपऱ्यात बसून नुसता रडायचा. टॅपलीबाई साठीच्या, पिकल्या केसांच्या, दोन्ही गुडघ्यांनी अधू, पण त्या त्याच्याशेजारी फरशीवर बसायच्या. एक दिवस त्यांनी गेटवर आसावरीला गाठलं आणि चार शब्द मागितले. तहान लागली तर काय म्हणतो, बाथरूमला जायचं तर काय, भूक लागली तर काय, आणि रडायला लागला की घरी त्याला काय म्हणतात. आसावरीनं सांगितलं : पाणी, शू, भूक, आणि उगी उगी. बाईंनी ते रोमन लिपीत एका कार्डावर लिहिलं, प्लॅस्टिकमध्ये घातलं आणि गळ्यातल्या ओळखपत्राच्या नाडीला अडकवलं. वेद बोलायला लागला. त्याच्यामागून आलेल्या सगळ्या मराठी पोरांना त्याच कार्डानं शांत केलं. कागदावर ही सगळी मुलं इंग्रजी बोलणारी असल्यामुळे या कामाचा एक पेनीही शाळेला मिळाला नव्हता, हे यतीनला त्या बिस्किटाच्या वेळी पहिल्यांदा उमगलं.

घरी येऊन त्यानं आसावरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्या जाऊन सरळ कबूल कर. यतीन म्हणाला, करतो, पण आधी दुरुस्त करतो आणि मग सांगतो.

"दुरुस्त करून मग सांगितलंस तर त्याला कबुली म्हणत नाहीत यतीन," आसावरी म्हणाली. "त्याला प्रेझेंटेशन म्हणतात."

यतीननं लॅपटॉप उघडला. त्यानं हेडबाईंना ईमेल पाठवली की पालकांनी भाषेची नोंद बदलून दिली तर? उत्तर लगेच आलं. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी देशभर शाळांची मोजणी असते, त्या दिवशी जे रेकॉर्डवर असेल ते धरलं जातं. त्या गुरुवारी शाळा सुटेपर्यंत अशी आणखी पंधरा मुलं नोंदली गेली, तर मी अर्थसमितीपुढे जाऊन मिसेस टॅपलींची जागा वाचवू शकेन. यतीनला हायसं वाटलं. पंधरा म्हणजे काहीच नाही, आपल्या मंडळाच्या आरतीला पहिल्या रांगेत पंधरा असतात.

त्यानं लगेच पालकांच्या ग्रुपवर चार परिच्छेदांचा निरोप टाकला. बेचाळीस जणांनी तो वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. तिघांनी अंगठा दाखवला आणि एकीनं इडलीचं पीठ कुठे मिळतं ते विचारलं. बाकी शांतता. यतीननं आठवण करून दिली तेव्हा कुणीतरी त्यालाच त्याची पीडीएफ पाठवली, कलम सतरा पिवळ्या रंगानं रंगवून. खाली लिहिलं होतं की गाइडमध्ये एवढं स्पष्ट दिलेलं असताना कृपया अफवा पसरवू नयेत.

मग तो दारोदार फिरला. शेजारचा नंदू नागपूरचा, यतीनचा जवळचा मित्र, पण कागद म्हटलं की तो चार पावलं मागे सरायचा. "कायले नसती भानगड करून राहिला बे," तो म्हणाला. "उद्या व्हिसा वाढवायच्या वेळी होम ऑफिसनं विचारलं, घरात इंग्लिश नाही म्हणून तुम्हीच लिहून दिलं, तर तू येशील का सांगायला?" यतीननं त्याला अर्धा तास समजावलं की शाळेच्या फॉर्मचा व्हिसाशी काही संबंध नाही. नंदूला ते पटलं, आणि पटल्यावर त्यानं सही करायला पुन्हा नकार दिला. त्याची बायको तनू वेगळ्याच कारणानं चिडली. तिची मुलगी वाचनात वर्गात पहिल्या गटात होती. तिला आता परदेशी भाषावाली ठरवायचं म्हणजे काय, आणि तुझ्या मुलाचं नीट जमत नसेल तर आमच्या मुलांना त्यात का ओढतोस, असं तिनं विचारलं. यतीन पोहे खायला बसला होता, तो न खाता उठला. तिसऱ्या घरी त्याला सांगण्यात आलं की गव्हर्नर झाल्यापासून तू फार गोऱ्यांच्या बाजूनं बोलतोस.

आठ दिवसांत सह्या झाल्या दोन. त्यातली एक त्याची स्वतःची होती.

शेवटी तो मधुमतीताईंकडे गेला. या बाई पंच्याहत्तरीच्या. नॉटिंगहॅमच्या इस्पितळात बत्तीस वर्षं सिस्टर होत्या, आता मुलाजवळ इथे राहायच्या. मंडळात अध्यक्ष कुणीही असो, ऐकायचं ताईंचं. यतीननं सगळी हकीकत सांगितली, फक्त मार्गदर्शिका कुणी लिहिली तेवढं कर्तरी प्रयोगात न आणता. ताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. खरं लिहायला कसली लाज वाटते तुम्हा मुलांना, म्हणाल्या, आम्ही आलो तेव्हा आम्हाला बोलता येत नव्हतं आणि आम्ही तसं सांगत होतो. फॉर्म इथे आणून ठेव, मी बघते. त्यांनी प्रत्येक घरी फोन केला. काय बोलल्या कुणास ठाऊक, पण नंदूसुद्धा चपला न घालता सही करून आला. पाच दिवसांत सतरा फॉर्म झाले. पंधरा हवे होते, वर दोन शिल्लक.

इथे यतीनमधला टेस्टर जागा झाला. लोक फॉर्म भरताना चुका करतात, म्हणून सतराच्या सतरा फॉर्म त्यानं स्वतः भरले, एकाच काळ्या पेनानं, एकसारख्या अक्षरात. पालकांनी फक्त सही करायची. 'घरातील भाषेबद्दल अधिक माहिती' या रकान्यात त्यानं एक ठेवणीतलं वाक्य तयार केलं होतं, की मराठी ही आमच्या घराची आणि हृदयाची भाषा असून मूल सदैव तिच्याच सहवासात असते. ते त्यानं सतरा वेळा उतरवलं. सतरातली दोन कुटुंबं तेलुगू आणि एक गुजराती होतं, हे त्या भरात त्याच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनीही न वाचता सह्या केल्या, कारण फॉर्म मधुमतीताईंकडे होते.

मोजणीचा गुरुवार होता दोन ऑक्टोबरचा, आणि त्याच दिवशी दसरा. यतीननं सुट्टी घेतली, नवा कुर्ता घातला आणि अकराच्या सुमारास फॉर्म न्यायला ताईंकडे गेला. दिवाणखान्यात पूजा मांडली होती. पाटीवर सरस्वती काढलेली, शेजारी ताईंचा जुना स्टेथोस्कोप, सुनेचा लॅपटॉप, नातवाचं गणिताचं पुस्तक, आणि या सगळ्यांखाली, पाटावर, सतरा फॉर्मचा गठ्ठा. गठ्ठ्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि एक झेंडू.

विद्येचे कागद आहेत, म्हणून पूजेत ठेवले, असं ताईंनी सांगितलं. उत्तरपूजा झाल्याशिवाय पूजेतली वस्तू हलवायची नाही. उत्तरपूजा कधी? नैवेद्य झाल्यावर. आणि नैवेद्य? त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथे नळाला चक्का टांगलेला होता आणि त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

यतीननं आर्जवं केली. फोटो काढून पाठवू का विचारलं. शाळेला फोन केला तर सहीचे मूळ कागदच हवेत असं कळलं. ताईंना त्यानं सांगितलं की एका बाईची नोकरी या गठ्ठ्यावर आहे. ताई म्हणाल्या, म्हणूनच तर देवीपुढे ठेवलाय. मग तो चक्क्याखाली उभा राहून ठिबकणं मोजू लागला. दीड वाजता त्यानं स्वतः श्रीखंड घोटायला घेतलं, नव्या कुर्त्यावर. अडीचला आरती झाली. दोन चाळीसला ताईंनी फॉर्मवरचा झेंडू उचलला. सव्वातीनला शाळा सुटते.

ताईंच्या घरापासून शाळेपर्यंत सात राउंडअबाउट आहेत. ते रोज ओलांडणारा यतीन त्या दिवशी चौथ्याला चुकला, गडबडीत त्याच चक्राभोवती दोनदा फिरला आणि एकदा तर थेट गावाबाहेरच्या रस्त्याला लागून परत आला. तीन वाजून अकरा मिनिटांनी, श्रीखंडानं माखलेल्या कुर्त्यात, धापा टाकत त्यानं तो गठ्ठा शाळेच्या ऑफिसच्या खिडकीतून आत सारला. खिडकीतल्या बाईंनी कागद उलगडले तशी अक्षता आणि कुंकू त्यांच्या कीबोर्डवर सांडलं. त्यांनी विचारलं की हे काय आहे. दर्जाची खूण आहे, असं काहीतरी यतीन बोलून गेला.

सोमवारी हेडबाईंनी त्याला बोलावलं. टेबलावर सतरा फॉर्म होते. सगळे लाल डागांचे, सगळे एका हातचे, आणि सगळ्यांत तेच हृदय आणि तोच सहवास. मिस हार्ग्रीव्ह कमालीच्या सौम्य होत्या आणि त्यामुळे यतीनला अधिकच घाम फुटला. त्या म्हणाल्या, मिस्टर हसबनीस, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण उद्या तपासणीला कुणी आलं आणि त्यांनी रेड्डी कुटुंबाचा मराठीवरचा हा परिच्छेद वाचला, तर मी काय सांगू? म्हणून त्यांनी ठरवलं होतं की घरी मुलाशी ती भाषा खरोखर बोलली जाते का, हे प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं गप्पा मारून बघायचं. हे काम कोण करणार? शाळेत त्यासाठी मोकळं माणूस एकच उरलं होतं, मिसेस टॅपली.

यतीनचा जीव भांड्यात पडला. ज्यांची नोकरी जायची त्याच बाई तपासणार, म्हणजे काम झालंच. घरी येताना त्यानं जिलेबी आणली. आसावरीनं ती खाल्ली नाही.

शुक्रवारी निकाल आला. सतरातली पाच मुलं खरी ठरली. तेलुगू आणि गुजराती मिळून तीन, कारण त्यांनी सतरावं कलम नुसतं ऐकलं होतं, मराठीतलं अठरावं त्यांच्या घरी कुणाला वाचता येत नव्हतं. मराठी दोन. ती दोघंही ऑगस्टमध्ये आलेली होती आणि त्यांच्या आईबापांनी फॉर्मवर काय लिहायचं ते फोनवर विचारलं होतं, पीडीएफ अजून उघडली नव्हती. बाकीच्या बारा जणांच्या घरी कलम अठराचं पालन चोख झालं होतं. आपण लिहिलेलं कुणी वाचत नाही, अशी यतीनची इतके दिवस तक्रार होती.

वेदच्या नावापुढे मिसेस टॅपलींच्या गोल अक्षरात चार ओळी होत्या. घरी मराठी कोण बोलतं? आई आणि बाबा. केव्हा? भांडताना, आणि आजीशी फोनवर. तुझ्याशी? नाही, माझ्याशी इंग्लिश. त्याखाली बाईंनी 'नाही' या चौकोनात खूण केली होती. ती खूण यतीननं बराच वेळ बघितली. ती सरळ होती.

मिसेस टॅपली त्याला वाचनकोपऱ्यात सापडल्या. त्या पुस्तकं लावत होत्या आणि ते कार्ड गळ्यात होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. यतीन शेजारच्या बुटक्या खुर्चीवर बसला, गुडघे हनुवटीपाशी आले, आणि या वेळी मात्र त्यानं तशाच अवस्थेत सगळं सांगितलं. फॉर्मवर इंग्लिश मी लिहिलं. इतरांनाही मीच लिहायला लावलं. आणि मग घरातही मीच ते खरं करून दाखवलं. तुम्ही एक खूण दुसऱ्या चौकोनात केली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं.

"मला माहीत होतं, मिस्टर हसबनीस," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. तो रडत होता ती भाषा इंग्लिश नव्हती."

यतीननं विचारलं, मग तुम्ही ऑफिसला का नाही सांगितलंत? त्यांनी एक पुस्तक फळीवर नीट बसवलं. आईवडिलांनी स्वतः लिहून दिलेलं असतं, त्यात मी कसं बोलायचं, तुमची काही कारणं असतील असं वाटलं. विचारायला हवं होतं मी, त्या म्हणाल्या, तेव्हाच विचारायला हवं होतं. आणि मग त्यांनी यतीनची समजूत घालायला सुरुवात केली. ते त्याला सगळ्यात जड गेलं.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यानं सगळ्यांसमोर कबुली दिली. स्लाइड एकही नव्हती. अध्यक्षांनी आभार मानले, सेक्रेटरीनं ते इतिवृत्तात नोंदवलं आणि समितीनं पुढचा विषय घेतला, छपराचा. पाच मुलं वाढली होती, पंधरा हवी होती. मार्गदर्शिकेची आवृत्ती ५.० यतीननं त्याच आठवड्यात काढली, सतरावं आणि अठरावं कलम गाळून. ती कुणी डाउनलोड केली नाही. ४.२ अजूनही थेट लंडनच्या एजवेअरपर्यंत फिरते आहे असं ऐकतो.

नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. हॉलमध्ये केक कापला, मुलांनी गाणं म्हटलं. मधुमतीताईंनी मिसेस टॅपलींना शाल आणि श्रीफळ दिलं, आणि नारळाचं काय करायचं हे न कळून त्या तो दोन्ही हातांत बाळासारखा धरून उभ्या राहिल्या. तनू हुंदके देत होती. नंदूनं यतीनजवळ येऊन हळूच विचारलं की आता काहीच नाही का होऊ शकत, आणि यतीन नाही म्हणाला. गळ्यातली नाडी शाळेला परत करायची असते. ती देताना मिसेस टॅपलींनी कार्ड सोडवून पर्समध्ये ठेवलं.

वेद गाडीत बसला. पट्टा लावला आणि तो रडायला लागला, तोंडावर हात घेऊन, दोन वर्षांपूर्वी रडायचा तसाच. यतीननं मागे वळून बघितलं. इट्स ओके, बडी, असं काहीतरी म्हणायचं त्याच्या मनात होतं, पण ओठांवर ते आलंच नाही. त्यानं हात मागे नेऊन पोराच्या गुडघ्यावर ठेवला.

"उगी," तो म्हणाला. "उगी, उगी."

वेद एकदम थांबला. ओल्या डोळ्यांनी तो बापाकडे नवलानं बघत राहिला.

"बाबा, दॅट्स मिसेस टॅपलीज वर्ड," तो म्हणाला. "हाउ डू यू नो इट?"

यतीनच्या आईनं हा शब्द त्याच्यासाठी वापरला होता, तिच्या आईनं तिच्यासाठी. हे सगळं त्याला सांगता आलं असतं. पण ही भाषा आपल्या घरची नसल्याचं त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं, आणि नंतर ते पाळलंही होतं.

"हो," तो म्हणाला, "त्यांचाच आहे." आणि त्यानं गाडी सुरू केली.